आवाज कुणाचा? परीक्षकाचा!

मराठी एकांकिकेचं आयुष्य मोजायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. पावसाळ्याच्या तोंडावर संहिता ठरते, ऑगस्टमध्ये प्राथमिक फेरी होते, सप्टेंबरात अंतिम. दिवाळी उलटली की उरलेल्या स्पर्धांसाठी गावोगाव टेम्पो फिरतो. नशीब बलवत्तर असेल, कुठेतरी पहिला नंबर लागला असेल, तर २५ जानेवारीच्या रात्री चतुरंगच्या ‘सवाई’ स्पर्धेत जागरण. २६ तारखेला सकाळी झेंडावंदन होतं आणि एकांकिका मरते. पुढच्या वर्षी कुणी तिची आठवण काढली तर तिचेच नट म्हणतात, ‘ती ना, गेल्या वर्षीची!’ आणि विषय बदलतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना चिडायचं आहे त्यांची सोय होईल. स्पर्धांनी मराठी एकांकिका जगवली हे अर्धसत्य आहे. स्पर्धांनी तिला स्पर्धेबाहेर कुठेही जगू दिलं नाही, हे उरलेलं अर्धं. पहिलं अर्धं आपण दर वर्षी उद्‌घाटनाच्या भाषणात ऐकतो. दुसरं म्हणायची कुणाची टाप नाही, कारण बोलणाऱ्यालाही पुढच्या वर्षी कुठेतरी परीक्षक म्हणून बोलावणं यायचं असतं.

पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने पुरुषोत्तम करंडक सुरू केला तो १९६३ साली. त्याआधी १९५४ पासून सरकारची राज्य नाट्य स्पर्धा होतीच. १९७४ मध्ये फिरोदिया करंडक आला, मुंबईत आयएनटीची स्पर्धा होती, अगदी अलीकडे, २०१४ साली, लोकांकिका आली; मधल्या काळात गल्लोगल्ली जे करंडक, महाकरंडक आणि चषक उगवले त्यांची मोजदाद मी करत नाही. साठ वर्षांत आपण करंडकांची उंची वाढवली. जिथे एखादी चाळीस मिनिटांची नवी संहिता, कुणाशीही न भांडता, चार रविवार ओळीने होऊ शकेल आणि तुम्हीआम्ही तिकीट काढून ती पाहू शकू, अशी सोय मात्र केली नाही. वाचकांना माझा साधा प्रश्न आहे. तिकीट काढून तुम्ही शेवटची एकांकिका कधी पाहिलीत? आठवत नसेल तर दोष तुमच्या स्मरणशक्तीचा नाही.

स्पर्धा नाटकाचं काय करते हे पाहायचं असेल तर परीक्षकाच्या टेबलावरचा कागद पाहावा. मी त्या खुर्चीत बसलो आहे, त्यामुळे तो कागद मला पाठ आहे. लेखन, दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत. प्रत्येकासमोर रिकामी चौकट. हा कागद नाटक झाल्यावर भरला जातो अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात तो नाटक लिहिण्याआधीच भरलेला असतो. लेखक पहिलं वाक्य लिहितो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर माणसं नसतात, चौकटी असतात. प्रकाशयोजनेच्या चौकटीसाठी मध्येच एक निळा ब्लॅकआउट येतो. संगीताच्या चौकटीसाठी शेवटी बासरी रडते. नेपथ्याच्या चौकटीसाठी लेव्हलवर लेव्हल चढते, आणि दोन माणसांच्या भांडणाला किल्ल्याइतकी तटबंदी उभी राहते. पुरुषोत्तमने झगमगाटापेक्षा संहिता, दिग्दर्शन आणि अभिनय यांवर भर ठेवला, हे त्याचं श्रेय मान्य. पण पुरुषोत्तमला बसवलेली एकांकिका पुढे बाकीच्या स्पर्धांनाही जायची असते. मग दिवाळीनंतर तिच्या अंगावर एकेक दागिना चढतो आणि जानेवारीपर्यंत तिला चालता येत नाही.

प्राथमिक फेरीत एका दिवसात सहा-सात एकांकिका ओळीने पाहाव्या लागतात. पाचवीपर्यंत कोणताही सज्जन माणूस बधिर होतो. बधिर माणसाला हलवायला मोठा आवाज लागतो, हे मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. ती हुशार असतात. म्हणून सुरुवातीलाच पंधरा जणांचा घोळका रंगमंचावर धावतो. म्हणून मधल्या भागात एक हमखास टाळी आणि दोन लाफ्टर. म्हणून शेवटच्या तीन मिनिटांत कलाटणी: आजोबा मुळात जिवंतच नव्हते, किंवा सगळं वेड्यांच्या इस्पितळात घडत होतं, किंवा जो बोलत होता तो नव्हताच. आणि सर्वांत दुर्दैवी प्राणी म्हणजे जेवणानंतरची पहिली एकांकिका. परीक्षकांच्या पोटात पुरी आणि श्रीखंड, समोर एखाद्या मुलीने जीव ओतून लिहिलेला संथ प्रवेश. चिठ्ठीत ती वेळ वाट्याला आली, एवढाच तिचा गुन्हा.

विषयांचं तर विचारू नका. शेतकऱ्याची आत्महत्या, देवदासी, तृतीयपंथी, सीमेवरचा जवान, वृद्धाश्रम. एकेक विषय जळजळीत आहे, त्यावर लिहायलाच हवं. पण ज्यांनी गावचा बांध सहलीत पाहिला ती मुलं दोन महिन्यांत वऱ्हाडी पाठ करून रडायला लागतात तेव्हा तो कळवळा नसतो, ती दुःखाची घाऊक खरेदी असते. स्वतःच्या वसतिगृहाबद्दल, आईने चोरून घेतलेल्या कर्जाबद्दल, ऑनलाइन परीक्षेत केलेल्या कॉपीबद्दल, मित्राच्या नजरेतल्या जातीबद्दल ही मुलं चहाच्या टपरीवर जे बोलतात ते ऐकावं. इतकं धारदार असतं की लिहून घ्यावंसं वाटतं. रंगमंचावर त्यातलं काही येत नाही, कारण त्याला ‘विषयाचं गांभीर्य’ नाही असं गेल्या वर्षीच्या परीक्षकांनी सांगितलेलं असतं.

एका जिल्ह्याच्या ठिकाणी मी एक एकांकिका पाहिली. दोन बहिणी, दोन खुर्च्या, वडिलांच्या पश्चात विकायची असलेली दीड एकर जमीन. कागदावर अंगठा कुणी आधी द्यायचा एवढंच भांडण. चाळीस मिनिटं एकही दिवा बदलला नाही. सभागृहात कुणी खोकलं नाही, आणि एकांकिका स्पर्धेत खोकला थांबणं ही काय चीज आहे ते जाणकारांना ठाऊक आहे. परीक्षकांनी तोंडी परीक्षणात सांगितलं, ‘प्रयत्न चांगला, पण घडत काही नाही. नेपथ्याचा विचार हवा होता.’ उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. त्या दोघींचा दुसरा प्रयोग झाला नाही. का व्हावा? प्रमाणपत्र घेऊन कुठे जायचं? दुसरा प्रयोग करायचा तर दुसरी स्पर्धा शोधायची, तिची प्रवेश फी भरायची आणि पुन्हा हेच ऐकायचं.

खेळाडूही आता भाड्याने येतात. अंतिम फेरीत पोचणाऱ्या किती एकांकिका खरोखर त्या महाविद्यालयातल्या मुलामुलींनी लिहिल्या आणि बसवल्या, हे आयोजकांनी एकदा शपथेवर सांगावं. माजी विद्यार्थी म्हणून येणारा बाहेरचा दिग्दर्शक एका हंगामात तीन-तीन महाविद्यालयांत ‘बसवतो’. तीन ठिकाणी त्याच लेव्हल, तोच घोळका, तीच बासरी. मुलं घाम गाळतात, दिग्दर्शक मानधन घेतो, प्राचार्य काचेच्या कपाटात करंडक ठेवून त्याच्यासोबत फोटो काढतात. ज्या छोट्या गावातल्या महाविद्यालयाला असा दिग्दर्शक परवडत नाही ते प्राथमिक फेरीत येतं, एसटीचं भाडं खर्च करतं आणि ‘सहभागाबद्दल’ टाळ्या घेऊन रात्रीच्या गाडीने परत जातं. गुणवत्तेचा शोध म्हणतात तो हाच.

आणि प्रेक्षक? भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ची आरोळी घुमते तेव्हा माझ्याही अंगावर काटा येतो, मी दगड नाही. पण त्या आरोळीत नाटकाबद्दल एकही शब्द नसतो, असतं ते महाविद्यालयाचं नाव. आपली एकांकिका संपली की अर्धं सभागृह उठून बाहेर वडापाव खायला जातं. समोरच्यांनी काय केलं हे पाहण्यापेक्षा त्यांचं कुठे चुकलं हे ऐकण्यात रस. मग त्या आरोळीला खरं उत्तर काय? निकालाच्या रात्री कळतं. आवाज परीक्षकाचा.

२०२२ साल आठवा. पुरुषोत्तमच्या अंतिम फेरीत एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही असा निर्णय परीक्षकांनी दिला. करंडक कुणालाच मिळाला नाही. केवढा गदारोळ! एका बाजूचे म्हणाले, मुलांचा अपमान झाला. दुसरे म्हणाले, दर्जा घसरला, बरं झालं कान उपटले. वर्तमानपत्रांत पत्रं, जुन्या विजेत्यांची मुलाखतींतली उसासे टाकणारी वाक्यं. या सगळ्या कल्लोळात मी एका प्रश्नाची वाट पाहत होतो आणि तो कुणीच विचारला नाही. त्या एकांकिका आम्हाला कुठे पाहायला मिळतील? परीक्षक बरोबर की चूक, हे ठरवायचा अधिकार ज्यांना असायला हवा त्या सामान्य प्रेक्षकांपुढे त्या एकांकिका आल्याच नाहीत. आपण दोन आठवडे ज्या नाटकांच्या दर्जाबद्दल भांडलो ती नाटकं भांडणाऱ्या शंभरातल्या पाचांनीही पाहिली नसतील. न पाहिलेल्या नाटकावर बाणेदारपणे बोलता येणं, ही स्पर्धा-संस्कृतीची खास देणगी.

आता बचावपक्षाकडे वळू. पहिला युक्तिवाद: स्पर्धांनी नट दिले, दिग्दर्शक दिले, लेखक दिले. दिले, नाकारतो कोण? पण हा युक्तिवाद काय सांगतो ते नीट ऐका. एकांकिका ही भरतीची परीक्षा आहे, तिच्यातून मालिका आणि चित्रपटांना माणसं मिळतात. नेमकं तेच माझं दुखणं आहे. जी कला फक्त दुसरीकडे जायचा रस्ता म्हणून उरते तिची मोडतोड झाली तरी कुणाला वाईट वाटत नाही. माणसं पुढे गेली ना, झालं.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार. ‘ऑल द बेस्ट’ एकांकिका होती, ‘संगीत देवबाभळी’ एकांकिका होती. खरंच होती. देवेंद्र पेम यांनी तीन मित्रांची धमाल आधी छोट्या रूपात केली आणि मग तिने व्यावसायिक रंगभूमी गाजवली. प्राजक्त देशमुख यांच्या आवली आणि रखुमाई आधी एकांकिकेत भेटल्या, मग २०१७ मध्ये भद्रकाली या नाट्यसंस्थेने त्यांना पूर्ण नाटकात आणलं. दोन्ही नाटकं मला प्रिय आहेत. पण बारकाईने पाहा. दोन्हींना जगण्यासाठी काय करावं लागलं? लांब व्हावं लागलं. आपल्याकडे एकांकिकेचं सर्वोच्च यश म्हणजे तिने एकांकिका असणं सोडणं. कथालेखकाला आपण असं म्हणतो का, की तुझी कथा उत्तम आहे, आता तिची कादंबरी करशील तरच छापू? आणि ज्या संहितेचा जीव पस्तीस मिनिटांचाच आहे, जिला ताणलं तर तुटेल, तिने काय करायचं?

बरं, स्पर्धेत उतरलेलं नाटक टिकतं कशाने, हेही इतिहासाने सांगून ठेवलं आहे. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ च्या डिसेंबरात भरत नाट्य मंदिरात प्रथम झालं ते राज्य नाट्य स्पर्धेसाठी. थोडे प्रयोग झाले आणि ज्या संस्थेने ते केलं तिनेच थांबवलं. ते जगलं ते निकालपत्रामुळे नाही. ते करणाऱ्या तरुणांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि प्रयोग पुन्हा उभा केला, म्हणून जगलं. तिकडे दादरला आविष्कारने १९७४ पासून छबिलदास शाळेच्या सभागृहात जे केलं त्यात कुठे परीक्षक होते? शाळेचं सभागृह, मोजकी साधनं, स्वस्त तिकीट, आणि अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांच्यासारखी हट्टी माणसं. फसलेलं नाटक तिथे फसायचं आणि पुढच्या आठवड्यात दुसरं लागायचं. फसण्याची मुभा ही त्या सभागृहाची खरी श्रीमंती होती. पुढे शाळेचं सभागृह सुटलं, आविष्कार माहीमच्या महापालिका शाळेत गेली, आणि आपण ‘छबिलदास चळवळ’ या विषयावर परिसंवाद भरवू लागलो.

जगात हे प्रश्न आधी कुणाला पडले नाहीत असं नाही. १९४७ मध्ये एडिंबरोला मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरला, तेव्हा आठ नाटकमंडळ्या आमंत्रण नसताना येऊन थडकल्या आणि मिळेल त्या जागेत प्रयोग करू लागल्या. त्यातून फ्रिंज उभा राहिला. कुणीही यावं, जागा मिळवावी, प्रयोग करावा. निवड समिती नाही. १९६६ मध्ये टॉम स्टॉपर्डचं ‘रोझेनक्रान्ट्झ अँड गिल्डनस्टर्न आर डेड’ विद्यार्थ्यांच्या मंडळीने तिथेच पहिल्यांदा केलं. २०१३ मध्ये एकटी फीबी वॉलर-ब्रिज ‘फ्लीबॅग’ घेऊन तिथेच आली. तासाभराचं नाटक, एक बाई, एक खुर्ची. आपल्याकडे तिला सांगितलं असतं, नेपथ्याचा विचार हवा होता.

एडिंबरोची आरती ओवाळायचा मात्र माझा विचार नाही. तिथे आता ऑगस्टात खोलीचं भाडं असं कडाडतं की गरीब नटाने जावं कसं हाच प्रश्न आहे. बाजाराने तोही महोत्सव बराचसा गिळला. मला त्याहून शहाणे वाटतात ते कॅनडातले. एडमंटनला १९८२ मध्ये फ्रिंज सुरू झाला आणि पुढे तिथल्या फ्रिंज महोत्सवांनी मिळून काही तत्त्वं ठरवली. कोण सादर करणार हे गुणांवर ठरवायचं नाही; चिठ्ठ्या टाकायच्या किंवा जो आधी येईल त्याला आधी जागा द्यायची. नाटकाच्या तिकिटाचे पैसे कलावंताच्या हातात द्यायचे. आशयात हात घालायचा नाही. बस. यातल्या एकाही तत्त्वाला मराठी माणसाची बुद्धी कमी पडेल असं नाही. पण आपल्याकडे फ्रिंज करू म्हटलं की पहिल्या बैठकीत निवड समिती नेमली जाते, दुसऱ्या बैठकीत सर्वोत्कृष्ट फ्रिंज करंडक ठरतो, आणि तिसऱ्या बैठकीत करंडकाला कुणाच्या वडिलांचं नाव द्यायचं यावरून संस्था फुटते.

सरकारचा वाटाही विसरून चालणार नाही. महाराष्ट्रात लोकांसमोर नाटक करायचं तर आधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे धाडायची, प्रमाणपत्र आणायचं. १९५१ च्या पोलीस कायद्याच्या आधाराने हे नियम चालतात. अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये या पूर्वपरीक्षणाला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. ज्या इंग्रजांच्या राज्यात खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आली, त्या इंग्रजांनी आपल्या घरचं पूर्वपरीक्षण १९६८ मध्ये मोडीत काढलं. आपण ते अजून सांभाळून ठेवलं आहे. विचार करा: वीस वर्षांच्या पोरीने मंगळवारी पंधरा मिनिटांचा प्रवेश लिहिला, शनिवारी करायचा आहे. वर्तमानावर त्याच आठवड्यात बोलणं ही लहान नाटकाची खरी ताकद, आणि आपला नियम म्हणतो, आधी शिक्का. या शिक्क्याविरुद्ध आयोजकांनी कधी आवाज उठवला? उलट अर्जासोबत प्रमाणपत्राची प्रत जोडा, एवढं एक कलम नियमावलीत वाढवून ते मोकळे झाले.

‘मग जागा कुठे आहे?’ हा शेवटचा बचाव. मुंबई-पुण्यापुरता तरी तो लंगडा आहे. पुण्यात सुदर्शन रंगमंच आहे, ‘द बॉक्स’ आहे, श्रीराम लागू रंग-अवकाश आहे. मुंबईत खासगी छोट्या जागा आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी महाविद्यालयांची सभागृहं रविवारी कुलूप लावून झोपलेली असतात. जागा आहे. नाही ती सवय. स्पर्धेविना नाटक करायची सवय आणि निकालाविना नाटक पाहायची सवय.

म्हणून माझी मागणी साधी आहे, आणि ती स्पर्धा बंद करण्याची नाही. प्रत्येक आयोजकाने पारितोषिकांच्या रकमेतला निम्मा हिस्सा काढावा आणि त्यातून निकालानंतरचे चार शनिवार-रविवार एक छोटं सभागृह घ्यावं. तिथे कोण प्रयोग करणार ते चिठ्ठीने ठरवावं. त्यात पहिली आलेली असेल, प्राथमिक फेरीत गळालेली असेल, स्पर्धेत कधीच न उतरलेली असेल. दहा मिनिटांची चालेल, पन्नास मिनिटांची चालेल. दिवे सर्वांना सारखेच आणि थोडे. ज्याला टेम्पोभर नेपथ्य आणायचं असेल त्याने ते गोदामात ठेवावं. तिकीट लावावं, थोडं का होईना लावावंच, आणि पैसे करणाऱ्यांना द्यावेत. तोंडी परीक्षण नको, शाल नको, नारळ नको, दीपप्रज्वलन तर मुळीच नको. प्रयोगानंतर ज्याला बोलायचं असेल त्याने बाहेर चहा पीत नटांशी बोलावं. नटांना पटलं नाही तर त्यांनी उलटून बोलावं.

पहिली दोन वर्षं यातलं बरंचसं वाईट निघेल. निघू द्या. परीक्षकांनी गाळलेलं खरंच गाळण्याजोगं होतं का, हे एकदा आमच्या पैशांनी आणि आमच्या डोळ्यांनी ठरू द्या. आयोजकांना हे मान्य नसेल तर त्यांनी निदान प्रामाणिकपणे सांगावं की आमचा संबंध करंडकाशी आहे, नाटकाशी नाही. मग पुढच्या वर्षीपासून त्यांनी संहिता मागवू नयेत. महाविद्यालयांची नावं एका डब्यात घालावीत, चिठ्ठी काढावी, करंडक देऊन टाकावा आणि तीन दिवसांचं सभागृहाचं भाडं वाचवावं. निकाल फारसा वेगळा लागणार नाही.